सुई लपवू नका

वर्षावास सुरू झाला की सावेडीतल्या आमच्या विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. वाचन संपले की आम्ही महिला मंडळाच्या कार्यकर्त्या साखर तपासायचे यंत्र घेऊन बसतो. गेल्या वर्षी एका ताईंची साखर ४१२ निघाली. डॉक्टरांनी त्यांना इन्सुलिन लिहून दिले होते, पण तीन आठवड्यांपासून त्यांनी ते बंद केले होते. कारण विचारले तर डोळ्यांत पाणी आले. मुलीला पाहायला पाहुणे येणार होते. घरात सुई दिसली तर "आईला शुगर, मग पोरीलाही असणार" असे म्हणतील, ही भीती. त्यात शेजारणीने सांगितले होते, "सुई लागली म्हणजे माणूस संपला."

आम्ही त्यांना एवढेच म्हणालो, "ताई, आत्ता ज्या ग्रंथाचे वाचन झाले, तो लिहिणारे आपले बाबासाहेब स्वतः मधुमेही होते. तेही इन्सुलिन घेत होते."

१५ एप्रिल १९४८ रोजी बाबासाहेबांचा माईसाहेबांशी विवाह झाला. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. बाबासाहेबांची औषधे आणि पथ्यपाणी त्या सांभाळत. संविधानाचे काम, हिंदू कोड बिलाची लढाई, १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा, हे सारे या आजारासह झाले. सुई लागली म्हणजे माणूस संपतो, असे भीमाच्या लेकरांनी तरी म्हणू नये.

इन्सुलिन हे काही बाहेरून आणलेले विष नाही. ते आपल्याच शरीरातले हार्मोन आहे. हार्मोन म्हणजे रक्तातून जाणारा निरोप. शरीरातील काही ग्रंथी तो थेट रक्तात सोडतात. रक्ताबरोबर तो सगळीकडे फिरतो, पण ज्या पेशीजवळ तो ओळखण्याची सोय असते, तिथेच त्याचे काम होते. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी शरीराचा वेग ठरवते. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी संकटात छाती धडधडवतात. जठराच्या मागचे स्वादुपिंड इन्सुलिन तयार करते.

भाकरी खाल्ली की तिची साखर होऊन रक्तात येते. इन्सुलिनचा निरोप मिळाला की पेशी ती आत घेतात. जेवण लांबले की स्वादुपिंडच ग्लुकागॉन नावाचे दुसरे हार्मोन सोडते आणि यकृतातली साठवलेली साखर बाहेर काढते. या दोघांचा तोल बिघडला की मधुमेह होतो. काहींच्या, विशेषतः लहान मुलांच्या, शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. बहुतेक मोठ्यांच्या शरीरात ते असते, पण पेशी त्याला दाद देत नाहीत, आणि पुढे ते कमीही पडू लागते. मग रक्तात साखर साचते, लघवीवाटे जाते, तहान लागते, आणि अन्न असूनही अंग उपाशी राहते. इन्सुलिन हे प्रथिन आहे. गोळी करून गिळले तर पोटात पचून जाईल, म्हणून सुई.

यात मागच्या जन्मीचे पाप कुठे आले? बाबासाहेबांनी याच ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची समजूत नाकारली आहे. मग आजाराच्या बाबतीत ती आपण घरात का ठेवावी?

१९२१ मध्ये कॅनडातल्या टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले. जानेवारी १९२२ मध्ये ते मरणाच्या दारातल्या १४ वर्षांच्या मुलाला दिले आणि तो वाचला. त्याच काळात बाबासाहेब लंडनमध्ये शिकत होते. शोधकांनी पेटंटचा हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकला. ज्ञान सर्वांचे असावे, हा आपलाच विचार आहे. ते लाजून नाकारायचे कशाला?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. काढा विकणाऱ्याच्या शब्दावर इन्सुलिन बंद करू नका. लहान मुलाचे तर एक दिवसही नाही, त्यात जीव जातो. पौर्णिमेला उपोसथ धरणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. सुई घेऊन रात्री उपाशी राहिलात तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, गरगरल्यासारखे झाले तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, दवाखाना गाठा. बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. फ्रीज नसेल तर डबीत घालून, बाहेरून ओल्या ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवा.

आईला मधुमेह असेल तर मुलांना धोका जास्त असतो, हे खरे. पण ते लपवायचे नव्हे, तपासायचे कारण आहे. ३० वर्षांपुढच्या प्रत्येकाने दरवर्षी तपासणी करावी. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. तो आपला हक्क आहे, तो मागून घ्या.

आणि विहार समित्यांना एक विनंती. वर्षावासाचे तीन महिने सारी वस्ती विहारात येते. जयंतीच्या वर्गणीतून साखर तपासायचे एक यंत्र घ्या, एक वही ठेवा.

त्या ताईंनी दुसऱ्या दिवसापासून सुई सुरू केली. पाहुणे आले तेव्हा बाटली फ्रीजमध्येच होती. "सासूबाईंनाही हीच चालू आहे," मुलाची आई म्हणाली.

जय भीम.