थांबा, पण किती वेळ?

"ब्लॉकिंग? अजून?" प्रोजेक्टमध्ये नेटवरून एखादी फाइल आणायची म्हटली की आपले सीनियर्स असं नाक मुरडतात! मग बिचारा सेकंड इयरवाला घाबरून कॉलबॅक, इव्हेंट लूप असं काय काय कुठून तरी उचलून चिकटवतो, आणि व्हायवाला "हे चालतं कसं?" विचारलं की पंख्याकडे बघत बसतो. मित्रांनो, मला हे अजिबात पटत नाही. (मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा मराठी जरा सांभाळून घ्या.) लाज ब्लॉकिंगची वाटायला नको, टाइमआउट न लावण्याची वाटायला हवी.

उदाहरण म्हणून लिबकर्ल घेऊ. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी 'कर्ल' हे टूल १९९८ मध्ये आणलं आणि २००० मध्ये त्याची लायब्ररी आली, ती ही लिबकर्ल. तिच्या 'ईझी' पद्धतीत काम चार पायऱ्यांचं: हँडल बनवा, पत्ता द्या, 'परफॉर्म' म्हणा, हँडल मोकळं करा. 'परफॉर्म'ला प्रोग्राम थांबतो. सर्व्हर शोधणं, कनेक्शन जोडणं, डेटा आणणं, हे सगळं उरकेपर्यंत पुढची ओळ चालत नाही. मेसमध्ये ताट घेऊन उभं राहावं तसंच!

यात वाईट काय आहे? कोड ज्या क्रमाने लिहिला त्याच क्रमाने चालतो. चूक कुठे झाली ते चटकन सापडतं. एक फाइल आणायची, वाचायची, संपलं, एवढंच काम असेल तर याहून सोपा मार्ग नाही.

खरी गोची वेगळीच आहे. लिबकर्लमध्ये कनेक्शन जुळण्यासाठी ३०० सेकंदांची मर्यादा आधीपासून असते, पण पूर्ण ट्रान्सफरच्या टाइमआउटची किंमत शून्य असते. शून्य म्हणजे "लगेच सोडून दे" नव्हे, तर "कितीही वेळ थांब"! सर्व्हर कनेक्ट झाला आणि मध्येच गप्प बसला, तर आपला प्रोग्राम ताट घेऊन उभाच. हे नेमकं डेमोच्या दिवशी होतं, आणि दोष मात्र हॉस्टेलच्या नेटला!

मोठ्या फाइलला सरसकट ६० सेकंदांचा टाइमआउट लावला तर स्लो नेटवर चांगलं चाललेलं डाउनलोडही तुटेल. तिथे किमान वेगाची अट लावा: सलग ३० सेकंद वेग सेकंदाला १०० बाइट्सच्या खाली राहिला तर सोडून दे. मग 'परफॉर्म' २८ नंबरचा एरर देऊन परत येतो. आणि तो काय देतो ते बघा तरी! शून्य आलं की आपण खूश, पण पान सापडलं नाही म्हणून सर्व्हरने ४०४ पाठवला तरी नेहमीच्या सेटिंगमध्ये शून्यच येतो. सर्व्हरचा रिस्पॉन्स कोड वेगळा विचारावा लागतो.

ब्लॉकिंग सगळीकडे चालतं असं मी म्हणत नाही. खिडक्या-बटणांच्या प्रोग्रामात मेन थ्रेडवर 'परफॉर्म' बोलावलं तर खिडकी गोठणारच. तिथे वेगळा थ्रेड घ्या, आणि एकच हँडल एका वेळी दोन थ्रेडना वापरू देऊ नका. शेकडो ट्रान्सफर एकदम हव्या असतील तर लिबकर्लचीच 'मल्टी' पद्धत आहे. गंमत म्हणजे आजकाल 'ईझी परफॉर्म'सुद्धा आतून तीच यंत्रणा वापरतो! म्हणजे सोपं दिसणारं सगळं अडाणी नसतं.

सर-मॅडमना एक नम्र विनंती. व्हायवाला "एसिंक्रोनस का नाही केलं?" असं विचारण्याआधी "सर्व्हर गप्प बसला तर तुझा प्रोग्राम काय करेल?" हे विचारा. आणि मित्रांनो, ज्याला हे उत्तर देता येतं त्याने खुशाल ब्लॉकिंग वापरावं. ज्याला येत नाही, त्याला इव्हेंट लूपही वाचवणार नाही.