जुन्या फुलदाणीचा दिवा

एका गृहिणीनें आम्हांस पत्रानें असा प्रश्न केला आहे : "आजेसासऱ्यांच्या वेळेपासून घरांत असलेली निळ्या नक्षीची एक चिनी मातीची फुलदाणी माळ्यावर धूळ खात पडली आहे. धाकट्या जाऊबाई म्हणतात, तिच्या बुडाला भोंक पाडून, आंतून तार नेऊन, बैठकीच्या खोलींतील टेबलावरचा दिवा करावा. सासूबाई म्हणतात, वडिलांच्या वस्तूला कोणीं हात लावूं नये. यांत बरोबर कोणाचें?"

प्रश्न वरवर हौसेचा दिसतो. परंतु एकत्र कुटुंबांत जी वस्तु सर्वांची असते, तिच्याविषयीं एकट्यादुकट्यानें केलेला निर्णय पुढें वर्षानुवर्षें बोलण्यांत येतो, म्हणून त्याचें उत्तर विचारपूर्वक देणें अवश्य वाटतें. आमचें मत थोडक्यांत असें : दिवा अवश्य करावा, भोंक मात्र पाडूं नये. असें कां, हें समजण्यास या दिव्यांचा पूर्वेतिहास थोडासा पाहिला पाहिजे.

एका कामासाठीं घडविलेलें चिनी पात्र दुसऱ्या कामाला लावण्याची रीत युरोपांत फार जुनी आहे. चीनमधील जिंगडेझेन या कुंभारकामाच्या प्रसिद्ध गांवीं इ. स. १३०० ते १३४० च्या सुमारास घडलेली, फिकट निळसर झिलईची एक फुलदाणी मध्ययुगांतच युरोपांत पोंचली. तिकडे तें द्रव्य इतकें अपूर्व होतें कीं, तिला चांदीची बैठक, मूठ व तोटी चढवून तिची झारी करण्यांत आली. १७१३ मध्यें काढलेल्या एका चित्रांत ती झारीच्याच रूपांत दिसते. पुढें एकोणिसाव्या शतकांत तो चांदीचा साज नाहींसा झाला. आणि आज डब्लिन येथील आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयांत पाहावयास मिळते ती पुनः फुलदाणीच. सहा शतकांहून अधिक काळ लोटला, मालक बदलले, हौस बदलली; साज आला आणि गेला, पात्र राहिलें.

अठराव्या शतकांत पॅरिसच्या चैनीच्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांनीं तर हा धंदाच मांडला. चिनी फुलदाण्यांना ते सोन्याचा मुलामा दिलेल्या काशाचे कांठ आणि पाय बसवीत. आपल्या साजांत पात्र बसेना, तर प्रसंगीं त्याची मान कापावयासही ते कचरत नसत.

दिवा आणि फुलदाणी यांची गांठ कशी पडली, हें समजण्यास आपली समईच पुढें ठेवावी. समईंत वात तेलांतच पडलेली असते आणि ज्योत तेलापासून बोटभर वर जळते. खाद्य तेल जड व दाट असल्यामुळें वातीवाटे फार उंच चढत नाहीं, म्हणून ही रचना. युरोपांतील दिव्यांतही सरसवाच्या जातीच्या बियांचें असेंच दाट तेल जळत असे. १७८० मध्यें आर्गां या स्विस गृहस्थानें पोकळ वातीचा पुष्कळ अधिक तेजस्वी दिवा काढला. परंतु त्याची तेलाची टांकी ज्योतीच्या बाजूला उंचावर ठेवावी लागे आणि तिची सावली पडे. १८०० मध्यें पॅरिसच्या कार्सेल नांवाच्या घड्याळजीनें टांकी खालीं नेऊन घड्याळासारख्या यंत्रानें तेल वर चढविण्याची युक्ति योजिली. पुढें १८३७ च्या सुमारास फ्रांशो यानें यंत्राऐवजीं स्प्रिंगचा दट्ट्या बसवून हीच गोष्ट स्वस्त केली. आतां दिव्याचा सर्व संसार ज्योतीच्या बरोबर खालीं, एका उभ्या नळकांड्यांत आला. तें नळकांडें झांकावयास उंच, पोटाला रुंद आणि तोंडाला निमुळत्या फुलदाणीहून सोईचें काय असणार? श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत चिनी आणि जपानी फुलदाण्या दिवे होऊन बसल्या, त्या या कारणानें.

१८५० नंतर घासलेट आलें. तें पातळ असल्यामुळें वातीवाटे आपोआप वर चढतें. यंत्राची गरज उरली नाहीं. तेलाची लहानशी टांकी फुलदाणीच्या तोंडांत नुसती बसवावयाची आणि तेल भरतेवेळीं उचलून घ्यावयाची. येथें लक्षांत घेण्याजोगें हें कीं, अशा दिव्यांत फुलदाणीला इजा होण्याचें कारणच नव्हतें. टांकी काढली कीं ती पूर्ववत् फुलें ठेवावयास मोकळी.

भोंकाची पाळी आली ती विजेबरोबर. इंग्लंडच्या उत्तरेस नॉर्थंबरलंड परगण्यांत क्रॅगसाइड म्हणून एक वाडा आहे. तेथें विल्यम आर्मस्ट्राँग यांनीं पाण्याच्या शक्तीवर वीज निर्माण करून, १८८० च्या अखेरीस जोसेफ स्वान यांचे नवे विजेचे दिवे लावले. ग्रंथालयांतील कांहीं दिवे फुलदाण्यांवर बसविलेले होते. मात्र त्या मातीच्या नव्हत्या. तांब्यावर मिना चढविलेल्या होत्या. विजेची एक तार बुडाच्या भोंकांतून वर जाई, तिचें उघडें टोंक बैठकींतील पाऱ्याच्या लहानशा वाटींत बुडे, आणि परतीचा प्रवाह फुलदाणीच्या तांब्यांतूनच खालीं येई. फुलदाणी उचलली कीं दिवा मालवे, खालीं ठेवली कीं लागे. युक्ति मोठी चतुर खरी. पण आजच्या घरांत कोणीं तिचें अनुकरण करूं नये. उघडा पारा विषारी आणि वीज वाहणारें धातूचें पात्र जीवघेणें.

तांब्याच्या भांड्याला भोंक पडलें तर तांबट डाख देऊन तें बुजवितो. भाजलेल्या मातीचें तसें नाहीं. उत्तम चिनी पात्र सुमारें तेराशें अंश सेंटिग्रेड उष्णतेंत भाजून कांचेसारखें कठीण आणि तितकेंच ठिसूळ झालेलें असतें. हिऱ्याच्या कणांच्या गिरमिटानें, पाण्याची धार सोडून, जाणता कारागीर भोंक पाडूं शकतो. तरीही डोळ्यांस न दिसणारा जुना तडा त्या थरथरीनें पुढें सरकण्याचें भय असतेंच. शिवाय अशा पात्राची ओळख पुष्कळदां बुडावरच असते. चिनी पात्रांवर कोणत्या बादशहाच्या कारकीर्दींतील तें, हें दर्शविणारीं अक्षरें तेथेंच लिहिलेलीं आढळतात. तीं नेहमींच खरीं असतात असें नाहीं, परंतु जाणकार प्रथम पाहतो तीं तींच. आणि गिरमिट नेमकें त्यांच्यावर चालतें. लिलांवाच्या यादींत 'बुडाला भोंक पाडलेलें' एवढे शब्द आले कीं किंमत उतरते. किंमतीची गोष्ट बाजूला ठेवली, तरी जें एकदां गेलें तें परत आणतां येत नाहीं, हें शिल्लक राहतेंच.

आपल्या घरांतील जुनी फुलदाणी चीनचीच असेल असेंही नाहीं. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत १८७० नंतरच्या दशकांत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखालीं झिलईचीं मातीचीं पात्रें होत असत. त्यांवर सिंधी धर्तीची वेलबुट्टी किंवा अजिंठ्याच्या भिंतींवरून घेतलेल्या आकृति असत, आणि त्यांतील कांहीं आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहेत. एखाद्या मराठी घरांत असें पात्र निघणें अशक्य नाहीं. म्हणून कांहीं करण्यापूर्वीं फुलदाणी कोरडी पुसून तिचें बूड पाहावें, अक्षरांचें छायाचित्र घ्यावें, आणि ती घरांत कोणी, केव्हां, कोठून आणली हें सासूबाईंना विचारून लिहून ठेवावें. ही माहिती फुलदाणीहूनही नाशिवंत आहे.

आतां भोंक न पाडतां दिवा करावा कसा, तें सांगतों.

प्रथम फुलदाणी हातावर तोलून नखानें हलकी टिचकी मारावी. नाद खणखणीत असेल तर पुढें जावें. बद्द असेल तर तडा असण्याचा संभव आहे, अशा पात्रावर भार घालूं नये.

नंतर तोंडाच्या मापाचें लांकडी बूच सुताराकडून करून घ्यावें व त्यास भोंवतीं रबर किंवा जाड फलाटीण लावावी. तें अलगद बसावें, ठोकून बसवूं नये. बल्बचा होल्डर या बुचावर येईल. तार बुडांतून न नेतां होल्डरच्या बाजूनेंच बाहेर काढून पाठीमागून खालीं सोडावी. शेडखालीं ती फारशी दिसत नाहीं.

फुलदाणीचें बूड लहान आणि वरचा भार मोठा, म्हणून ती कलंडण्याचें भय असतें. यास्तव धुऊन वाळविलेली रेती कापडी पिशवींत भरून तळाशीं ठेवावी. सुटी रेती ओतूं नये. खालीं कांठ असलेली लांकडी बैठक असावी.

बल्ब एल्ईडी जातीचा, पांच ते सात वॉटचा पुरे. तो फार तापत नाहीं, त्यामुळें कापडी शेड करपण्याचें वा जुन्या झिलईस आंच लागण्याचें भय राहत नाहीं. शेड इतकी खोल असावी कीं खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांस बल्ब दिसूं नये. होल्डर पितळेचा असल्यास तीन पिनांचा प्लग लावून त्यास अर्थिंग द्यावें, आणि हें काम जाणत्या वायरमनकडूनच करवावें. लहान मुलें असलेल्या घरांत तार टेबलावरून लोंबकळूं देऊं नये.

एवढें केल्यावर धाकट्या जाऊबाईंची हौस पुरी होईल आणि सासूबाईंच्या मनाला लागण्याजोगेंही कांहीं घडणार नाहीं. वडिलांची वस्तु माळ्यावर अंधारांत ठेवणें हा कांहीं तिचा मान नव्हे. चार माणसें बसतात तेथें ती उजेड देत राहिली तर बरेंच. परंतु ती आपल्याकडे जशी आली तशी पुढें गेली पाहिजे. उद्यां घरांतील एखाद्या नातसुनेला दिवा नको, फुलदाणीच हवी असें वाटलें, तर तिनें बूच उचलावें, रेतीची पिशवी काढावी, आणि पात्रांत पाणी भरून निशिगंधाच्या चार काड्या ठेवाव्या. पाणी खालीं गळतां कामा नये, इतकी काळजी आपण आज घ्यावयाची आहे.