खर्रा खाऊन 'सेफ'?

"ओरलने काय होतंय? पोट थोडंच राहतं!" हे आपल्या अमरावती-अकोल्याच्या पगारदार पोरांचं लॉजिक. अरे बाबांनो, गनोरिया, म्हणजे आपला परमा, घशातही बसतो, आणि बहुतेकदा काही जाणवतच नाही! सिफिलिस, हर्पिस, एचपीव्ही हेही असेच पसरतात. एचआयव्हीचा धोका बराच कमी, पण तोंडात जखमा असल्या की वाढतो. दिवसाला चार खर्रे चघळणाऱ्याचं तोंड कसं असतं, सांगू का? खर्रा चौकात उभं राहून घोटून घेता, कंडोम मागताना मात्र आवाज बसतो...

वाचकांच्या असल्याच प्रश्नांना 'समाजस्वास्थ्य'मध्ये उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर खटला झाला, १९३४ साली बाबासाहेब त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. आज विचारलं म्हणून कोणी खटला भरत नाही, तरी आपली दातखीळ! असो. सरकारी दवाखान्यात 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तपासणी फुकट. तिथे ओरलचंही सांगा, नाहीतर घसा कोण बघणार?