समुद्र नसलेल्या शहराचा मच्छीबाजार

मच्छीबाजार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचा ससून डॉक उभा राहतो. १८७५ साली बांधलेली ती गोदी, पहाटे धक्क्याला लागणारी लाँचेसची रांग, डोक्यावर पाट्या घेऊन धावणारे हमाल आणि लिलावात हिरिरीने बोली लावणाऱ्या कोळणी. कथाकादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी हे चित्र मनावर इतके ठसवले आहे की, देशाच्या मध्यावर वसलेल्या आपल्या नागपुरातही पहाटे असाच बाजार भरतो, हे नागपूरकरालाच सांगावे लागते. संत्री, वडाभात आणि सावजी यांच्यापुढे आपल्या शहराची ओळख सरकतच नाही.

जुन्या नागपुरातल्या भोईपुऱ्याच्या नावातच भोई आहे. शहर झोपलेले असते तेव्हा हा भाग जागा असतो. येथे बंदर नाही. ट्रक हीच आमची होडी. ते एकामागून एक मागे सरकत लागतात, फळ्या खाली पडतात आणि बर्फात दाबलेले रोहू, कटला, मृगळ यांचे क्रेट धडाधड उतरतात. कोणी बर्फ फोडतो, कोणी काटा लावतो, आडत्या भाव पुकारतो. उजाडता उजाडता मोठा व्यवहार आटोपलेलाही असतो. मग किरकोळ विक्रेते आपापला माल घेऊन मंगळवारीकडे, वस्त्यावस्त्यांतल्या बाजारांकडे पांगतात. रेल्वेच्या निमित्ताने येथे स्थिरावलेली बंगाली कुटुंबे, ख्रिस्ती मंडळी, हलबा, कोष्टी, दलित वस्त्या, रविवारची वाट पाहणारे कारकून, असे सारे शहर दोन तासांत या मासोळीपाशी येऊन जाते.

मी या बाजाराचा जुना गिऱ्हाईक आहे. येथला नेहमीचा प्रश्न एकच: "भाऊ, आंध्राची घेता की तलावाची?" बहुतेक वेळा तलावाची शिल्लक नसते, किंवा एका कोपऱ्यात चार-दोन टोपल्यांपुरतीच असते. ट्रकमधला बहुतेक माल आंध्रातल्या गोदावरी-कृष्णेच्या मुखाकडचा, कोल्लेरू सरोवराच्या परिसरातला. विजयवाड्याहून नागपूर रेल्वेने साडेसहाशे किलोमीटरहून दूर आहे. एवढा प्रवास करून आलेली मासोळी येथे ढिगाने मिळते आणि साठ किलोमीटरवरच्या भंडाऱ्याची कोपऱ्यात बसते. मला या बाजारात खरा विचार करायला लावते ते हे कोडे.

कारण भंडारा हा तलावांचा जिल्हा. १९९९ साली त्यातून वेगळा झालेला गोंदिया, शिवाय चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याचा काही भाग धरला, तर माजी मालगुजारी तलावांची संख्या सहा हजारांच्या वर जाते. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने हे तलाव बांधले. नवेगावबांधचे श्रेय परंपरा कोलू पाटील कोहळी याला देते. धानाला पाणी, गुरांना पाणी आणि ढिवराला मासोळी अशी ती व्यवस्था होती. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. ती जायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर तलावाचा गाळ काढणारी, पाळ राखणारी गावाची घडीही मोडली. तलाव सरकारजमा झाले आणि, सरकारी वस्तूंचे होते तेच त्यांचे झाले. आज अनेक तलावांत पाण्यापेक्षा गाळ आणि बेशरमाची झुडपेच अधिक दिसतात.

आंध्रातला मत्स्यपालक स्वतःच्या किंवा भाड्याच्या तळ्यात बीज सोडतो, खाद्य घालतो, जवळच बर्फाचा कारखाना असतो, आणि भाव पाहून तो जाळे ओढतो. आपला ढिवर मात्र दुसऱ्याच्या पाण्यावर जगतो. तलाव जिल्हा परिषदेचा किंवा पाटबंधारे खात्याचा. त्याची सहकारी संस्था तो ठरावीक वर्षांच्या कराराने घेते. पाण्यावर पहिला हक्क धानाचा. शेवटचे पाणी सुटले की मासोळी वाढलेली असो वा नसो, ती काढावीच लागते. मग सगळ्यांचीच एकदम निघते आणि भाव पडतो. टोपली घेऊन आलेली भंडाऱ्याकडची एक बाई मला म्हणाली, "ट्रक किती आले ते पाहूनच आडत्या आमचा भाव सांगते, भाऊ." साऱ्या अर्थशास्त्राचे सार त्या एका वाक्यात होते.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. विजेच्या दरात सवलत, शेतीप्रमाणे कर्ज, विमा असे लाभ त्यात आहेत. निर्णय स्वागतार्हच आहे. पण शेतीचा दर्जा पेलायला हातात काही तरी शेतीसारखे लागते. ज्याचे स्वतःचे तळे आहे, विजेचे मीटर आहे, सातबारा आहे, त्याच्या दारी ही सवलत चालत येईल. ढिवराच्या नावावर ना जमीन, ना पाणी. ट्यूबवर बसून जाळे टाकणाऱ्याला विजेच्या सवलतीचा उपयोग काय? त्याच्या कराराच्या कागदालाच सातबाऱ्याचे मोल देऊन त्यावर कर्ज आणि विमा मिळाला, तरच हा दर्जा त्याच्यापर्यंत पोहोचेल. नाही तर तो तळेवाल्यांचाच दर्जा ठरेल.

दुसरी गोष्ट तलावांची. केवळ यंत्राने गाळ उपसून तलाव जिवंत होत नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर स्त्री-पुरुषांना सोबत घेऊन बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, मासोळीला अंडी घालायला जागा दिली. मरळ, शिंगूर यांसारख्या देशी मासोळ्यांना अशाच तलावात थारा मिळतो, आणि त्यांना आंध्राच्या रोहूपेक्षा चांगला भाव मिळतो, हे कोणीही गिऱ्हाईक सांगेल. ज्या बाबतीत ट्रकशी बरोबरी होऊच शकत नाही तेथे झुंजण्यापेक्षा, ट्रक जे आणत नाही ते पिकवणे हाच शहाणपणा.

तिसरी गोष्ट बाजाराची. महाराष्ट्राचे पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० सालापासून नागपुरात आहे. तेलंगखेडीत मत्स्यविज्ञानाचे महाविद्यालय आहे. ज्ञान येथे, तलाव शेजारी, गिऱ्हाईक दारात. मग तलावाच्या मासोळीसाठी घाऊक बाजारात एक वेगळा ओटा, एक काटा आणि बर्फाची सोय करणे इतके अवघड का असावे? आपली मासोळी दिवसभर टिकवता आली, तर त्या बाईला पहाटेच्या पहिल्या भावावर मान तुकवावी लागणार नाही. थांबण्याची ताकद म्हणजेच बाजारातली ताकद. आणि पेटीभर बर्फाने ती येत असेल, तर एवढे तरी या शहराने तिला देणे लागते.