हिवाळ्यासाठी सॉना तयार करताय? झरोका बुजवू नका!

कॅनडात मुलाकडे निघालेले एक पेशंट परवा म्हणाले, "डॉक्टर, मुलाने परसात सॉना बांधलाय. बीपीची गोळी चालू आहे, बसू का?" सॉना म्हणजे तापलेल्या दगडांच्या उष्णतेने घाम काढायची लाकडी खोली, आत तापमान 80-90 अंश सेल्सिअस. मी विचारलं, "थंडीची तयारी काय केलीत?" म्हणाले, "गार वारा येतो म्हणून खालचा झरोका कापडाने बुजवलाय."

माझ्या मते ही तयारी नव्हे, धोका आहे. लाकडाच्या शेगडीला जळायला हवा लागते. ती कमी पडली किंवा धुराडं काजळीने, बर्फाने तुंबलं, की कार्बन मोनॉक्साइड आत साठतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते आणि आपण म्हणतो, उष्णतेने होत असेल! असं झालं तर सगळ्यांनी लगेच मोकळ्या हवेत यावं आणि तातडीची मदत बोलवावी. लाकडाला तेल लावणं मुलगा बघेलच; आधी धुराडं साफ करून घ्या.

दुसरी काळजी पायरीची. उष्णतेने रक्तवाहिन्या फैलावतात, बीपी उतरतं आणि बाहेर निसरडा बर्फ! पायरीवर वाळू टाका, कठडा बसवा. उठताना सावकाश उठा. दारू नकोच.

आणि बसायचं का? बीपी आटोक्यात असेल, छातीत दुखत नसेल, तर खालच्या बाकावर पाच-दहा मिनिटं. गोळी मनाने बंद करू नका. नंतर बर्फात उडी मात्र या वयात नाही, मुलाने कितीही आग्रह केला तरी.