द्वैभाषिक राष्ट्राचे वाङ्मय : एक की दोन?

भारतीय साहित्य अनेक भाषांत लिहिले जात असले तरी ते एकच आहे, ही साहित्य अकादेमीने रुजविलेली कल्पना ज्यांच्या अंगवळणी पडली आहे, त्या अभ्यासकांना कॅनडाचे उदाहरण मोह घालते. तेथे भाषा दोनच. १९६९ च्या अधिकृत भाषा अधिनियमाने त्या दोहोंना समान दर्जा दिलेला. तेव्हा इंग्रजी व फ्रेंच मिळून एक 'कॅनडियन साहित्य' सिद्ध होते, असे सहजच गृहीत धरले जाते. हे गृहीतक टिकणारे नाही.

१९४५ या एकाच वर्षी ह्यू मॅक्लेनन यांची 'टू सॉलिट्यूड्स' ही इंग्रजी आणि गाब्रिएल रॉय यांची 'बॉनर दोकाझ्याँ' ही फ्रेंच कादंबरी प्रसिद्ध झाली. दोहोंत माँट्रिऑल शहर आहे, दोहोंवर महायुद्धाची छाया आहे. आशयसाम्य शोधणाऱ्या समीक्षकाला एवढे पुरते. परंतु या ग्रंथांचा पुढील प्रवास पाहावा. मॅक्लेनन यांचे शीर्षक दोन समाजांतील दुराव्याचा वाक्प्रचार होऊन बसले. तरीही ज्या समाजाविषयी ते बोलते त्याच्या भाषेत कादंबरी यायला १९६० चे दशक उजाडावे लागले. रॉय यांची कादंबरी १९४७ मध्ये 'द टिन फ्लूट' या नावाने इंग्रजीत आली ती न्यूयॉर्कहून, हॅना जोसेफसन या अमेरिकी अनुवादिकेकडून. क्वेबेकच्या फ्रेंचमध्ये 'पूद्ररी' म्हणजे वाऱ्याने उधळलेले हिम. फ्रान्सच्या फ्रेंचमध्ये बंदुकीच्या दारूचा कारखाना. अनुवादात हिमाचे थैमान राहिले बाजूला आणि कारखान्याचाच स्फोट झाला! ही चूक हसून सोडून देण्याजोगी नाही. फ्रेंच येणे निराळे आणि क्वेबेकच्या हिवाळ्यातली फ्रेंच कळणे निराळे. आणि ती ज्यांच्या शेजारी बोलली जात होती त्यांना हे पुस्तक परदेशातून वळसा घेऊन मिळावे, हे अधिक बोलके आहे.

याच अनुवादाला गव्हर्नर जनरल पारितोषिक मिळाले. फ्रेंच ग्रंथांसाठी त्या पारितोषिकात १९५९ पर्यंत स्वतंत्र विभागच नव्हता. म्हणजे फ्रेंच कादंबरीवर राष्ट्राची मोहोर उमटली ती इंग्रजीत गेल्यावर. पुढे १९९३ मध्ये नॅन्सी ह्यूस्टन यांच्या कादंबरीला फ्रेंच विभागाचे पारितोषिक मिळाले, तेव्हा ती लेखिकेने आधी इंग्रजीत लिहिलेली आहे असा आक्षेप क्वेबेकमधील प्रकाशकांनी घेतला. कॅल्गरीत जन्मलेल्या या लेखिकेचा दावा होता की फ्रेंच संहिता ही स्वतंत्र निर्मिती आहे. एकच साहित्य असते तर या वादाला कारणच उरले नसते.

तेव्हा ही दोन साहित्ये आहेत, एका राज्यसंस्थेच्या छत्राखाली नांदणारी. तौलनिक अभ्यासकाने समान विषयांच्या याद्या करण्यापेक्षा अनुवाद कोणी केला, कोणत्या दिशेने, किती उशिरा आणि कोणाच्या खर्चाने, हे आधी विचारावे. दोन्ही भाषांतील कविता अनुवादासह छापणारे, १९६९ मध्ये शेरब्रूक येथे निघालेले 'एलिप्स' हे नियतकालिक या दृष्टीने कित्येक साहित्येतिहासांहून उपयुक्त ठरेल.

'दोन' हा आकडाही निर्दोष नाही. १९७६ मध्ये आन अँतान कापेश या इन्नू लेखिकेचे वसाहतवादावर थेट आरोप करणारे पुस्तक इन्नू व फ्रेंच अशा दोन भाषांत निघाले. ते द्वैभाषिकच आहे. मात्र त्यातली एक भाषा राष्ट्राच्या अधिकृत दोहोंत बसत नाही. इंग्रजीत ते पोहोचले २०२० साली.