गाडी बनवली त्याने, चालवतोय सगळा ग्रुप!

रात्र रात्र जागून गेमचा मॉड बनवणारा दोस्त स्वतः तो मॉड खेळतच नाही. मग एवढी मेहनत कशासाठी? उत्तर सापडलं, पण त्याआधी माझीच एक चूक सापडली.

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक जण असेलच. नसेल, तर बहुतेक तो तुम्हीच आहात.

आमच्या ग्रुपमधला तो पुसदचाच. ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मोबाइलमध्ये असेल. इंडोनेशियातल्या मलेओ या कंपनीने २०१७ मध्ये आणलेला हा गेम. रस्ते तिकडचे, शहरं तिकडची, पण गाडी आणि तिच्यावरची रंगरंगोटी आपल्याला हवी ती टाकता येते. एवढी सवलत मिळाल्यावर महाराष्ट्रातल्या पोरांनी त्यात काय आणलं असेल? अर्थात, आपली लालपरी!

आमचा पठ्ठ्या तीन आठवडे एका एसटीवर बसला होता. आगारात जाऊन फोटो काढले. खिडक्यांच्या पट्ट्या, मागची शिडी, दारावरची अक्षरं, सगळं मोजूनमापून. नंबर प्लेट एमएच-४० ची. ‘एमएच-२९ काहून नाही बे? यवतमाळची गाडी ना आपली?’ असं मी विचारलं, तर त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या कार्यशाळेत बांधलेल्या गाड्या एमएच-४० च्या, पुण्यात दापोडीला बांधलेल्या एमएच-१४ च्या आणि संभाजीनगरच्या चिकलठाण्यातल्या एमएच-२० च्या. जन्मभर एसटीने फिरलो, पण हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

मॉड तयार झाला. ग्रुपवर पडला. त्या रात्री आठ जण एकाच वेळी ‘पुसद-नागपूर’ पाटी लावलेली एसटी जावा बेटावरच्या रस्त्यांवरून पळवत होते. कुणी हॉर्न वाजवतोय, कुणी थेट शेतात घालतोय. नुसता धिंगाणा. आणि हा? मोबाइल खिशात घालून बघत बसलेला.

‘तू काहून खेळून नाही राहिला बे?’

‘मले नाही येत मजा. मले फक्त चुका दिसतात.’

तिसऱ्या खिडकीची पट्टी म्हणे जरा खाली गेलीय. आम्हा आठ जणांपैकी एकालाही ती दिसली नव्हती.

आधी एक गैरसमज

पुढे जाण्याआधी एक सांगते. ‘मॉड’ म्हटलं की आपल्याकडे अनेकांना पैसे न भरता सगळं अनलॉक केलेलं एपीके आठवतं. ते मॉडिंग नाही, ती चोरी आहे, आणि वर फोनमध्ये व्हायरस येण्याचा धोका फुकट. मॉडर म्हणजे तयार गेममध्ये स्वतःची भर घालणारा. नवी गाडी, नवा नकाशा, नवे नियम. त्यासाठी ब्लेंडरसारखं फुकट मिळणारं थ्रीडी सॉफ्टवेअर शिकावं लागतं, फोटो एडिट करावे लागतात, आणि दहा वेळा क्रॅश झाल्यावर अकराव्यांदा बसावं लागतं. आपण असाइनमेंटला एवढं बसतो का? खरं सांगा!

आता मूळ प्रश्न. स्वतः बनवलेलं स्वतःला खेळावंसं का वाटत नाही?

स्वतःला गुदगुल्या करून बघा

करा, आत्ताच करा. नाही होत ना? लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मेंदूचे स्कॅन करून हेच तपासलं होतं. आपला हात काय करणार हे मेंदूला आधीच ठाऊक असतं, म्हणून तो त्या स्पर्शाची धार कमी करून टाकतो. दुसऱ्याने केल्या की मात्र आपण उड्या मारतो, कारण त्याचं बोट पुढे कुठे जाणार हे माहीत नसतं.

गेमचंही बरंचसं तसंच आहे. वळणापलीकडे काय आहे हे माहीत नसणं, ही खेळणाऱ्याची अर्धी मजा. बनवणाऱ्याने तर ते वळण स्वतःच्या हाताने आखलेलं असतं. त्यात टेस्टिंग. आपण गाडी पळवतो तेव्हा तो आरसा हलतो का, दार नीट उघडतं का, हे पन्नासाव्यांदा बघत असतो. लग्नात पाचशे माणसांचा स्वयंपाक उरकलेल्या आचाऱ्याला पंगतीत बसवून बघा. तो म्हणेल, ‘मले थोडा दहीभात द्या फक्त.’ त्याने केलेली बुंदी वाईट नसते. तिचा वास त्याच्या नाकात सकाळपासून बसलेला असतो.

म्हणजे मॉडरला स्वतःच्या कामाची मजा येतच नाही? मला आधी तसंच वाटायचं. पण मग पबजीचं काय?

पबजीवाल्याने काय केलं?

पबजी २०१७ मध्ये आला हे तुम्हाला माहीत आहे. पण त्याचं मूळ एका मॉडमध्ये आहे. ब्रेंडन ग्रीन हा आयरिश माणूस ब्राझीलमध्ये फोटोग्राफी आणि डिझाइनची कामं करायचा. ठरलेल्या चाकोरीतून जाणारे गेम त्याला कंटाळवाणे वाटायचे. म्हणून त्याने ‘आर्मा २’ या गेमवर आपला ‘बॅटल रॉयल’ मॉड उभा केला. त्यात कुठल्या घरात कोणती बंदूक मिळेल आणि शेवटचं वर्तुळ कुठे पडेल हे ठरलेलं नाही. आणि समोर कोण येईल, तो झाडामागे लपेल की अंगावर धावून येईल, हे तर कुणीच सांगू शकत नाही. बनवणाराही नाही!

‘काउंटर-स्ट्राइक’ही तसाच. मिन्ह ले हा कॅनडात शिकणारा विद्यार्थी आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’ गेमवर बनवलेला तो मॉड होता. नंतर व्हॉल्व्ह कंपनीने तो विकत घेतला आणि २००० मध्ये बाजारात आणला. तिथेही नकाशा कितीही पाठ असला, तरी समोरची टीम पाठ नसते.

माझं मत असं आहे. मॉडमध्ये बनवणाऱ्यालाच माहीत नसलेलं काहीतरी शिल्लक असेल, तर त्यालाही खेळायला मजा येते. सगळंच त्याच्या हातचं असेल, तर नाही येत. आमच्या दोस्ताच्या एसटीत प्रतिस्पर्धी नाही, अचानक काही घडत नाही. तिचा प्रत्येक नटबोल्ट त्याला माहीत आहे. त्याला मजा येत नाही यात त्याचाही दोष नाही आणि एसटीचाही.

मग त्याची मजा कुठे गेली?

ती आधीच होऊन गेली होती. रात्री दोन वाजता पाटीवरचं ‘पुसद’ पहिल्यांदा सरळ उमटलं, तेव्हा त्याने मला झोपेतून उठवून स्क्रीनशॉट पाठवला होता. मी अंगठा पाठवून झोपले. त्याचा खेळ तोच होता. आपल्याला तो खेळ वाटलाच नाही, कारण त्यात स्कोअर नव्हता.

मायकल नॉर्टन, डॅनियल मोशॉन आणि डॅन एरिली या संशोधकांचा २०१२ चा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यांनी लोकांना कागदाचे बेडूक आणि पक्षी बनवायला लावले. बनवणाऱ्यांना आपली वेडीवाकडी घडी जवळजवळ तज्ज्ञांच्या कलाकृतीइतकी मोलाची वाटली. बघणाऱ्यांना मात्र ती तशी वाटली नाही. स्वतः घडवलेल्या वस्तूचा जीव असा लागतो. पण त्याच अभ्यासात एक मेख आहे. काम अर्धवट राहिलं किंवा बनवलेलं मोडून टाकलं, की हा जिव्हाळा उडून जातो.

ही मेख लक्षात ठेवा. आमची गोष्ट तिथेच अडकली.

चूक माझी होती

महिन्याभराने त्याचीच एसटी दुसऱ्या कुणीतरी आपल्या नावाने टाकलेली दिसली. तीच तिसरी खिडकी, तीच खाली गेलेली पट्टी! म्हणजे ओळखायला वावच नव्हता. खाली शेकडो ‘भारी भावा’, आणि ते सगळे भलत्याच भावाला. त्यात घरी चाललेलं वेगळंच. ‘बनवतोस, स्वतः खेळतही नाहीस, पैसेही मिळत नाहीत. मग उपयोग काय?’ तो म्हणाला, ‘डिलीट मारतो सगळं.’

मी चिडून त्या चोराला शिव्या घातल्या. मग सहज जुनं चॅट वर सरकवलं. त्याने मॉडसोबत एक छोटी टेक्स्ट फाइल दिली होती. त्याचं नाव आणि ‘कृपया नावासकट शेअर करा’ एवढी एकच ओळ. दुसऱ्या कॉलेजच्या ग्रुपवर फॉरवर्ड करताना मी फक्त गाडीची फाइल पाठवली होती. टेक्स्ट फाइल कोण उघडतं, म्हणून मी ती सोडून दिली. त्याच्या नावाशिवाय पुसदबाहेर गेलेली पहिली कॉपी कदाचित माझीच असेल.

मी त्याला ते सांगितलं. दोन दिवस बोलला नाही. बरोबरच होतं त्याचं.

तेव्हापासून मला हा प्रश्न ‘गंमत म्हणून’ वाटत नाही. नीट बघा. खेळण्याची मजा आपण घेतो. पैसे त्याला मिळत नाहीत. बनवण्याची मजा बनवताना संपते. त्यानंतर त्याच्या वाट्याला उरतं काय? लोक खेळताना बघणं, आणि खाली आपलं नाव असणं. एवढंच. नाव पुसलं की तेही गेलं. मग तो पुढचा मॉड कशासाठी बनवेल?

हे फक्त गेमचं नाही. युवक महोत्सवात तुमच्या कॉलेजची एकांकिका होते तेव्हा लाइट्सवाला ती प्रेक्षकांतून कधीच बघत नाही. गणपतीची सजावट करणारी पोरं दहा दिवस फक्त कुठला बल्ब गेला ते बघतात. नोट्स काढणारी मुलगी स्वतः त्या वाचते एकदा, आणि त्यांचे झेरॉक्स निघतात पन्नास. यातल्या किती जणांचं नाव आपण घेतो?

म्हणून मॉड वापरणाऱ्यांना माझी एकच विनंती. फॉरवर्ड करताना नावासकट करा. आणि बनवणाऱ्याला ‘भारी’ एवढंच म्हणून सोडू नका. काय भारी वाटलं ते सांगा.

आणि बनवणाऱ्यांनो, तुम्हालाही थोडं. मजा येत नाही म्हणून काम वाईट आहे, असं समजू नका. दुसऱ्याच्या हातात द्या, शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. तो कुठे हसतो, कुठे अडतो ते बघा. फाइल्सची एक कॉपी दुसरीकडे ठेवाच. कंटाळा आला तर सहा महिने बाजूला टाका, पण डिलीट मारू नका. तुमच्यातला प्रत्येक जण मिन्ह ले होणार नाही, हे मीही जाणते. पण शिकलेलं ब्लेंडर कुणी फॉरवर्ड करून पळवू शकत नाही.

आमच्या दोस्ताने शेवटी डिलीट नाही मारलं. गेल्या आठवड्यात त्याच्या गल्लीतल्या रिटायर्ड एसटी ड्रायव्हर काकांच्या हातात त्याने मोबाइल दिला. काकांनी चष्मा लावला, पाटी वाचली, नंबर प्लेट बघितली आणि म्हणाले, ‘हिंगण्याची दिसते.’ पठ्ठ्याचा चेहरा बघण्यासारखा होता! मग काकांनी दोन मिनिटं गाडी चालवली आणि विचारलं, ‘कंडक्टर कुठं आहे रे? डबल बेल दिल्याशिवाय मी गाडी हलवत नसतो.’

तो सध्या डबल बेलच्या आवाजावर बसलाय. आगारात जाऊन रेकॉर्ड करणार म्हणतो. यावेळी त्याच्यासोबत मी पण जाणार आहे.